अडकणारं शेत

माझ्या मुलीच्या कॉम्प्युटरवरचा शेतीचा गेम गचके खात होता. ट्रॅक्टर चार हात पुढे जायचा, थिजायचा आणि मग एकदम उडी मारल्यासारखा बांधाजवळ दिसायचा. तो दुरुस्त करायला मी बसलो आणि दुरुस्त करता करता माझ्या बायकोचा आवाज कायमचा पुसून टाकला. नातेवाइकांना मी सांगितलं, की ते नकळत झालं. मुलीलाही तसंच सांगितलं. ते पूर्ण खरं नव्हतं, म्हणून हे लिहितो आहे.

मी वाशिंदजवळच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला आहे. मुलीने कल्याणला ॲनिमेशनच्या कोर्सला प्रवेश घेतला तेव्हा तिच्यासाठी चांगला दणकट कॉम्प्युटर जुळवून घेतला. महागाचं ग्राफिक्स कार्ड, भरपूर रॅम, काचेचं कॅबिनेट, आत निळे दिवे. फक्त जुन्या कॉम्प्युटरमधली हार्ड डिस्क मी आग्रहाने त्यात बसवायला लावली. चालू स्थितीतला पार्ट फेकायचा कशाला, असं माझं म्हणणं. मुलगी कुरकुरली, पण तिने गेम आणि व्हिडिओ त्या जुन्या डिस्कवर ठेवले आणि कॉलेजची कामं नव्या डिस्कवर.

बायकोच्या किडन्या तोवर गेल्या होत्या. एक दिवस डायलिसिस, एक दिवस घरी. घरी असायची त्या दिवशी ती मुलीच्या शेजारी प्लास्टिकच्या खुर्चीत, अंगावर घोंगडी घेऊन बसायची. ही घोंगडी आम्ही लग्नानंतर म्हशाच्या जत्रेत घेतली होती. बायकोचं माहेर वैशाखऱ्याच्या अलीकडे, डोंगराच्या पायथ्याला. लहानपणापासून भातशेतीत राबलेली बाई. फ्लॅटमध्ये आल्यावर तिच्या हाताला माती अशी उरली नव्हती. मुलीच्या त्या गेममध्ये भाताची खाचरं होती, त्यांत पाणी सोडता यायचं. ते तिने पाहिलं आणि मग ती तिथून हलेना.

"अगो, राब कुठं भाजलास?" तिने पहिल्याच दिवशी विचारलं. आमच्याकडे पेरणीआधी रोपांच्या जागेवर शेण, पातेरा, कवळं पसरून जाळतात, त्याला राब भाजणं म्हणतात.

"आई, यात राब नसतो. रोपं तयारच मिळतात."

"राब नाय भाजला तं तण माजंल ना. मग खुरपायला कोन, तुझा बाप येनार?"

मी स्वयंपाकघरात होतो. ऐकत होतो, पण आत गेलो नाही.

"आनि बांधावरनं ट्रॅक्टर काय नेतेस? बांध फुटला तं शेजारीन भांडायला येईल."

"शेजारी कोणीच नाही, आई. सगळं शेत आपलंच आहे."

तिने घोंगडी गुडघ्यांवर ओढून घेतली. मग म्हणाली, "सगळं आपलंच? मग भांडायचं कुनाशी?"

दोघी हसत सुटल्या. गेम तेव्हाही मधूनमधून अडकायचा. ट्रॅक्टर थांबला की ती म्हणायची, "लागली उचकी. कोनीतरी आठवन काढतंय त्याची."

मी दारापर्यंत जायचो. आत जाऊन बसावं असं वाटायचं, पण बसून काय करायचं ते कळायचं नाही. मला हाताला काम लागतं. मी तिच्या गोळ्यांच्या डब्या लावायचो, बाटल्या धुवायचो, चादरी बदलायचो. आजारी माणसाशी बोलण्यापेक्षा त्याची खोली झाडणं मला सोपं जायचं.

ती गेल्यावरही मी तेच केलं. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, पाहुणे गेले आणि दुसऱ्या दिवशी मी तिचं कपाट रिकामं केलं. माणूस गेलं की त्याचे कपडे, अंथरूण वाटून टाकायचं, हे आमच्यात होतंच. पण घरातल्यांना विचारून, सावकाश. मी कोणाला विचारलं नाही. लुगडी गावाकडच्या बायकांना दिली, औषधं परत केली, घोंगडी खालच्या वॉचमनला दिली. मुलगी कॉलेजातून आली तेव्हा खोलीला फिनेलचा वास येत होता.

"पप्पा, घोंगडी?"

"दिली."

"विचारलं तरी असतंत."

एवढंच म्हणाली. त्यानंतर आमच्या घरात कामापुरतं बोलणं उरलं. येते, जेवले, गॅस संपला. तिची चूक नव्हती. मशीनचा पार्ट मी जपून ठेवतो आणि माणसाच्या वस्तू मात्र घाईघाईने घराबाहेर काढतो, हे तिने पाहिलं होतं.

बरेच महिने ती गेमकडे फिरकली नाही. मग एकदा जेवताना आपण होऊन म्हणाली, "गेम खूपच अडकतोय आता."

ती आपण होऊन काही बोलली होती. मी भाकरीचा तुकडा ताटात ठेवला. "मी बघतो," म्हणालो.

"तुमी?" तिच्या तोंडावर हसू आलं. ते हसू मला आणखी हवं होतं. त्या गेमशी माझं दुसरं काही देणंघेणं नव्हतं.

साप्ताहिक सुट्टीच्या दुपारी आम्ही त्या कामाला बसू लागलो. कॅबिनेट उघडलं, ब्लोअरने धूळ उडवली. रॅमच्या पट्ट्या काढून पुसून बसवल्या. ग्राफिक्सचा ड्रायव्हर नवा टाकला. सावल्या, गवत, पाण्यातलं प्रतिबिंब, सगळं कमी करून पाहिलं. मुलगी पलंगावर मांडी घालून मला सूचना द्यायची.

"पप्पा, पाना कशाला? तो स्क्रू हाताने सुटतो."

"हाताने सुटतो म्हणजे कोणीतरी नीट आवळला नाही."

"तुमीच आवळला होता मागच्या आठवड्यात."

आम्ही हसलो. इतका भारी कॉम्प्युटर, तापमान ठीक, कार्डावर ताण नाही, तरी ट्रॅक्टर अडकायचाच. खरं सांगायचं तर तो तसाच अडकत राहावा असं मला मनातून वाटू लागलं होतं. दुरुस्ती लांबेल तितक्या दुपारी ती माझ्याशी बोलणार होती.

एका सुट्टीला ती कॉलेजात गेली होती आणि मी एकटाच बसलो. आमच्या कारखान्यात शटडाउनला एक शिस्त आहे: आधी साफसफाई, मग दुरुस्ती. लाइनवर भंगार ठेवून बिघाड शोधायचा नाही. नव्या माणसाला मी हेच पहिल्यांदा शिकवतो. त्या दुपारी मी जुन्या डिस्कची जागा पाहिली तर पट्टी लालभडक, डिस्क काठोकाठ भरलेली. एकच फोल्डर सगळी जागा खात होता. आत व्हिडिओच व्हिडिओ. एक उघडला. हिरवं खाचर, पाणी, चाललेला ट्रॅक्टर. आवाज नाही, कारण मुलीच्या कॉम्प्युटरला स्पीकर नव्हते, फक्त माइकवाले हेडफोन.

हेडफोन स्क्रीनच्या कोपऱ्याला अडकवलेले होते. ते कानाला लावले असते तरी पुरलं असतं. मी ते हातात घेतलेही. त्यांच्या गादीला अजून बायकोच्या डोक्याच्या तेलाचा वास होता. गेम बघताना मुलगी कधीकधी तिच्या कानाला ते लावायची, ट्रॅक्टरचा आवाज ऐकवायला. तो वास आला आणि मी हेडफोन होते तिथे परत अडकवले. मला ते सोसणार नव्हतं.

मग मी फोल्डर पुसला. कचरापेटीतही राहू नये अशा पद्धतीने. शिवाय मोकळ्या झालेल्या जागेवर अख्खा गेम नव्याने टाकला. स्वच्छ जागेवर नवं बसवणं, आमची पद्धत.

तरीही ट्रॅक्टर अडकला. थोडा कमी, पण अडकलाच. मी कारखान्याच्या कॉम्प्युटर विभागातल्या सहकाऱ्याला फोन लावला. त्याने विचारलं, "मागे रेकॉर्डिंग वगैरे चालू आहे का बघा. डिस्क जुनी असेल तर गेमही तिच्यावर आणि रेकॉर्डिंगही तिच्यावर, तिला झेपणार नाही."

पाहिलं तर कोपऱ्यात एक बारीक लाल ठिपका होता. गेम सुरू झाला की रेकॉर्डिंग आपोआप सुरू व्हावं, अशी सोय मुलीने करून ठेवली होती. मी सेटिंगमधली बरोबरची खूण काढली. ट्रॅक्टर लोण्यातून सुरी जावी तसा गेला. म्हणजे फोल्डर पुसायची काही गरजच नव्हती. एक खूण काढली असती तरी भागलं असतं. पण तेव्हा मला त्याचं काही वाटलं नाही. मला आनंद झाला होता. मी चहा ठेवला आणि तिची वाट बघत दारात उभा राहिलो.

ती आली, बसली, ट्रॅक्टर फिरवला. "पप्पा! एकदम मख्खन!" ती म्हणाली. कितीतरी दिवसांनी ती तशी ओरडली होती. मग तिने काहीतरी शोधायला सुरुवात केली. माउस एकदा फिरला, दोनदा फिरला.

"पप्पा, इथला फोल्डर?"

"डिस्क भरली होती. जुने व्हिडिओ होते गेमचे."

तिने हात माउसवरून काढून मांडीवर ठेवले. "त्यात आई होती," ती म्हणाली. "आई बोलायची ते सगळं."

"मला माहीत नव्हतं," मी म्हणालो.

तिने माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

पुढच्या सुट्टीला डिस्क काढून आम्ही मोटरसायकलवरून शहापूरला गेलो. बाजारपेठेत पुसलेला डेटा परत काढून देणारा एक दुकानदार आहे. त्याने डिस्क ठेवून घेतली, संध्याकाळी या म्हणाला. आम्ही रसाच्या गाड्यावर बसलो, भाजी मंडईत उगाच फिरलो. संध्याकाळी त्याने स्क्रीनवर फायलींची नावं दाखवली. नावं परत आली होती. एकेक उघडली तर काळा पडदा.

"वरून नवीन काही टाकलं का?" त्याने विचारलं.

"गेम टाकला," मी म्हणालो.

"मग ती जागा गेली, भाऊ."

परतताना ती मागे बसली होती, डिस्कचा खोका आम्हा दोघांच्या मध्ये. महामार्गावर ट्रकांचा इतका आवाज होता, की बोललो असतो तर तिला अर्धंच ऐकू आलं असतं. तेव्हाच सांगून टाकावं असं वाटलं. सांगितलं नाही.

काय सांगायचं होतं ते आता लिहितो. बायको असतानाची एक सकाळ. मी फर्स्ट शिफ्टची सुट्टी घेऊन घरी होतो, मुलीचा कॉलेजचा डबा भरत होतो. आतून बायकोचा आवाज आला, "यात माझं बोलनं जातं का गो?"

"जातं, आई. सगळं रेकॉर्ड होतं."

"आगं बया. मग जरा बरं बोलते." आणि तिने घसा साफ करून, बातम्या देणाऱ्या बाईसारखं शुद्ध बोलायला सुरुवात केली, "नमस्कार. आज आमच्या शेतात राब न भाजता भाताची लागवड करण्यात येत आहे." मुलगी खिदळली. मी दारात उभा होतो, हातात डब्याचं झाकण.

फोल्डर उघडला तेव्हा ते मला आठवलं नाही, असं मी स्वतःलाही सांगत होतो. पण हेडफोनचा वास आला तेव्हा माझा हात थांबला होता. तो कशामुळे थांबला, हे मला ठाऊक आहे. त्यात ती आहे, हे माझ्या आत कुठेतरी होतं. ते ऐकायला लागू नये, म्हणून मी आधी साफसफाई केली.

डिस्क परत कॅबिनेटमध्ये बसवली. पुष्कळ दिवसांनी, एका दुपारी, मुलीने हाक मारली, "पप्पा, इथं बसा."

तिने प्लास्टिकची खुर्ची ओढून ठेवली होती. मी बसलो. स्क्रीनवर खाचरात पाणी होतं, ट्रॅक्टर रोपं लावत निघाला होता. चार हात गेला आणि अडकला. मग उडी मारून पुढे. कोपऱ्यात लाल ठिपका दिसत होता.

"रेकॉर्डिंग बंद कर ना," मी म्हणालो. "मग अडकणार नाही."

"अडकू दे. तुमी बोला."

"काय बोलू?"

"आई बोलायची तसं काहीतरी."

इतके महिने दारात उभा राहून मी अर्धंमुर्धंच ऐकलं होतं. शेवटी म्हणालो, "राब कुठं भाजलास?" माझ्या तोंडून ते सुपरवायझरने विचारल्यासारखं बाहेर पडलं. मुलगी किंचित हसली. स्क्रीनवरची नजर तिने काढली नाही.

"तुझ्या आईने विचारलं होतं, आवाज जातो का म्हणून," मी म्हणालो. "मी दारात होतो. मला माहीत होतं."

ट्रॅक्टर थांबला, पुन्हा निघाला.

"ठाऊक आहे," ती म्हणाली. "त्या व्हिडिओत तुमीपण होतात. आई बातम्या द्यायला लागली तेव्हा मागून तुमी हसलात. मी कितीदा ऐकलंय ते."

म्हणजे शहापूरच्या रस्त्यावर, खोका मध्ये ठेवून, ती हे सगळं जाणून माझ्या मागे बसली होती. मी हसलो होतो, हे मला आठवतही नाही. तो आवाजही मीच पुसला.

"मग त्या दिवशी बोलली का नाहीस?"

ती खाचराच्या टोकाला ट्रॅक्टर वळवत होती. वळताना तो बांधावर चढला.

"बांध फुटेल," मी म्हणालो.

"मग सांगा ना, कसा नेऊ."

मला शेतातलं फारसं कळत नाही. तरी मी खुर्ची पुढे ओढली आणि तिला सांगू लागलो. ट्रॅक्टर अडकत अडकत चालला होता. लाल ठिपका तसाच होता.