नकाशापुढे उभे राहून ‘मी चुकलो’ म्हणणारे वाडये गुरुजी

विजयदुर्गच्या शाळेत मी साहाय्यक शिक्षक म्हणून रुजू झालो, त्या दिवशी मुख्याध्यापक यशवंतराव वाडये यांनी माझी प्रमाणपत्रे पाहिली नाहीत. भिंतीवरचा जगाचा नकाशा दाखवून त्यांनी विचारले, “सावंतवाडीहून आलात ना? मग सांगा, आपल्या धक्क्यावरून निघालेली बोट इंग्लंडला कुठून कुठून जाईल?” मी एडनपर्यंत नीट गेलो आणि पुढे अडखळलो. त्यांनी माझे बोट धरून लाल समुद्रातून वर नेले. “ही चिंचोळी रेघ दिसते? आपल्या खाडीपलीकडच्या कितीतरी घरांची चूल या रेघेवर पेटते.” ती रेघ म्हणजे सुएझचा कालवा, आणि ती घरे परदेशी बोटींवर काम करणाऱ्या खलाशांची. मी वर्गात भूगोल शिकवीत असे. गुरुजी गावाला भूगोल शिकवीत होते, हे मला हळूहळू कळले.

गुरुजींची साठी साजरी करताना त्यांच्या शाळेविषयी पुष्कळजण लिहितील. मला मात्र छपन्न सालच्या दिवाळीतला एक आठवडा सांगितल्यावाचून राहवत नाही.

इजिप्तने कालवा ताब्यात घेतल्यापासून गुरुजी दर रविवारी वाचनालयात नकाशा टांगून वर्तमानपत्रांतल्या बातम्या समजावून सांगत. मुंबईची बोट वर्तमानपत्रे आणी, ती दोन दिवस शिळी असत. बॅटरीवरचा एक रेडिओ होता, तो खरखरे. दिवाळीच्या सुमारास इस्रायलने हल्ला केला, मागोमाग इंग्लंड-फ्रान्सची विमाने इजिप्तवर बाँब टाकू लागली. बाजारात बोलणी सुरू झाली, की हे धर्मयुद्ध आहे; ख्रिस्ती आणि यहुदी एकीकडे, मुसलमान दुसरीकडे. खरे सांगायचे तर मीही चार लोकांत तसेच बोललो होतो.

त्या रविवारी वाचनालय भरून गेले होते. गुरुजी म्हणाले, “धर्माचे नाव तोंडात आहे, पण डोळा कालव्यावर आहे. कालवा नसता तर एकही विमान उडाले नसते.” माझी मान खाली गेली. मग कुणीतरी विचारले, अमेरिका काय करील? गुरुजींनी ठामपणे सांगितले, “अमेरिका संयुक्त राष्ट्रसंघात विरोधात बोलली आहे, पण ते दाखवायचे बोलणे. अध्यक्षांची निवडणूक तोंडावर आहे. जुन्या मित्रांना ती आतून साथच देईल. ही लढाई महिनोन्‌महिने चालेल.”

दाराबाहेर पडवीत खाडीपलीकडच्या रुकय्याबी उभ्या होत्या. त्यांचे यजमान इस्माईल खलाशी म्हणून ज्या बोटीवर होते, ती एडनहून कालव्याकडे निघत असल्याचे पत्र आले होते. पुढे काहीच नव्हते. सभा संपल्यावर गुरुजी बाहेर जाऊन त्यांच्यासमोर पायरीवर बसले.

“मास्तर, माझ्या घोवाची बोट खंय आसा?”

“माका ठावक नाय, रुकय्या. कळला की पयलो निरोप तुका.”

दोन दिवसांनी आम्हांला समजले, की रुकय्याबींच्या भावाने घर बंद करायचे ठरवले आहे. लढाई महिनोन्‌महिने चालणार, असे मास्तरच म्हणाले. मग इथे बसून काय करायचे? बहिणीला आणि भाचीला मुंबईला नेऊन बोटकंपनीच्या कचेरीत चौकशी करायची, तिथेच राहायचे. भाची झुबेदा सातवीत, शाळेतली सर्वांत हुशार मुलगी. फायनलची परीक्षा काही महिन्यांवर आली होती.

त्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे रेडिओने सांगितले, की लढाई थांबली. अमेरिकेने आपल्याच मित्रांना मागे खेचले होते. बातमी ऐकून मला आनंद झाला. गुरुजी मात्र उठले आणि चपला घालू लागले.

“कुठे निघालात?”

“खाडीपलीकडे. आज दुपारची त्यांची मुंबईची बोट आहे.”

मीही त्यांच्याबरोबर तरीत बसलो. रुकय्याबींच्या अंगणात वळकट्या बांधून ठेवलेल्या होत्या. गुरुजी उभ्याउभ्याच म्हणाले, “रुकय्या, माझा चुकला. लढाई थांबली. तुझो घोव सुखरूप आसा की नाय, तां माका अजून ठावक नाय, आणि खोटा मी सांगूचंय नाय. पण माझ्या बोलण्यार जावन घर बंद करू नको.”

भाऊ ओटीवरून खाली उतरले. मग म्हणाले, “मास्तर, येवढा सांगूक खाडी उतरान इलात?”

“बोललंय मी. मगे सांगूक कोण येतलो?”

रुकय्याबींनी वळकटीची गाठ सोडायला घेतली.

परतताना गुरुजी म्हणाले, की संध्याकाळी लोकांना बोलवा. मी त्यांना अडवले. बातमी सर्वांना कळलीच आहे, मुद्दाम चूक कबूल केलीत तर उद्या तुमचे कोण ऐकेल, असे मी म्हणालो. त्यांनी शांतपणे सांगितले, “ज्याला मी चूक सांगितले, त्याला बरोबरही मीच सांगायला हवे.”

दिवे लागायच्या आत ते त्याच नकाशापुढे उभे राहिले. “मी चुकलो. कोण कुणाचा मित्र एवढेच मी पाहिले. बलाढ्य राष्ट्र मित्रापेक्षा स्वतःची गरज आधी पाहते, हे मी विसरलो. पण म्हणून अमेरिकेला साधू ठरवू नका. याच आठवड्यात रशियाचे रणगाडे हंगेरीत शिरले, तिथे ती हलली नाही.” जगातल्या मोठमोठ्या राजधान्यांतून ‘मी चुकलो’ असे वाक्य निघाल्याचे मी कधी वाचले नव्हते. ते मी एका समुद्रकाठच्या गावात, कोपरावर विरलेल्या कोटातल्या माणसाच्या तोंडून ऐकत होतो. पुढच्या रविवारी पडवीतही बसायला जागा उरली नाही.

तीन आठवड्यांनी एडनहून इस्माईलभाईंचे पत्र आले. त्यांची बोट कालव्यात शिरण्याआधीच मागे फिरली होती. पत्र घेऊन रुकय्याबी आधी वाचनालयात आल्या आणि या वेळी आत येऊन बसल्या. झुबेदा फायनलला केंद्रात पहिली आली. आज ती आमच्याच शाळेत भूगोल शिकवते.

गेल्या वर्षी तिकडे पुन्हा लढाई पेटली, कालवा पुन्हा बंद झाला. लोकांनी विचारले, अमेरिका काय करील? गुरुजी हसून म्हणाले, “माका ठावक नाय. पेपर येवंदेत, मगे सगळे मिळान वाचूया.”

गुरुजी, तुमच्याजवळ बसून मी जगाचे राजकारण शिकलो असे म्हणणे धाडसाचे होईल. एवढे मात्र खरे, की त्या संध्याकाळपासून वर्गात चुकल्यावर मुलांसमोर तसे सांगायची मला लाज वाटत नाही. देव तुम्हांला उदंड आयुष्य आणि निरोगी शरीर देवो. आम्ही अजून पुष्कळदा चुकणार आहोत; ते कबूल करायला उभे राहू, तेव्हा समोर तुम्ही बसलेले असावेत.