फुकटच्या खताची कोरफड

आमच्या नव्या घरात माझ्या हातून एकच जीव गेला, आणि त्याला जगायला काहीही लागत नव्हतं.

ती कोरफड होती. घराला दृष्ट लागू नये म्हणून बायकोला ती मुळांसकट, उलटी, दारावर टांगायची होती. आता, सदर बाजारातल्या फुटपाथवर पातेली विकत मी दुकान उभं केलं, आणि दुकानातून हे घर. सांगितलेल्या भावात मला कोणी वस्तू विकून दाखवावी! बुधवारच्या बाजारात झाडं विकणाऱ्या बाईशी मी घसा बसेपर्यंत भांडलो. ती भाव सोडेना. शेवटी मी ओरडलो, "मग वरून काहीतरी टाका!" तिनं कंटाळून शेणखताची पिशवी टाकली. (हा माझा विजय आहे असं मला वाटलं. बाईवरचा माझा राग अजून गेलेला नाही.)

कोरफड दारावर लागली आणि बायको भावाच्या लग्नाला यवतमाळला निघाली.

"पाणी किती टाकू?" मी विचारलं.

"काहीच नाही जी! हातच नका लावू. मी आल्यावर मले ती दारावर हिरवी दिसली पाहिजे, बस!"

दोन दिवस मी हात लावला नाही. पण फुकट मिळालेलं खत कोपऱ्यात पडून! मला जेवण गोड लागेना. शेवटी कोरफड उतरवली, डालड्याच्या डब्यात खत ठासून सरळ लावली आणि पाणी घातलं. मे महिना होता. मी कूलरसमोर लोळावं आणि तिनं दारात भाजावं? तिलाही कूलरसमोर ठेवलं. पानं मऊ पडली. मला वाटलं, तहानली. आणखी पाणी! मग ती पिवळी पडली. मला वाटलं, भूक. उरलेलं खत! बायको यायच्या आदल्या दिवशी उचलायला गेलो, तर हातात नुसता बुळबुळीत चिखल!

नशिबानं त्या दिवशी बुधवार होता. मी बाजारात धावलो.

"मेली?" झाडवाली किंचाळली. "अवं शांते, इकडे ये वं! या भाऊनं कोरफड मारली!"

भाजीवाल्यांपासून बांगडीवाल्यांपर्यंत सगळे गोळा झाले.

"पण मेली काहून जी? काय केलं तिले?"

"तुमचंच खत घातलं!"

"टांगलेल्या कोरफडीले?"

बाजार खो खो हसला. भाव करायची माझी हिंमतच झाली नाही. दुपारीच नवी कोरफड दारावर उलटी लटकली.

दुसऱ्या दिवशी बायको आली आणि उंबऱ्याबाहेरच थांबली. बराच वेळ वर पाहत राहिली. मी घाईनं तिची बॅग उचलली.

"अगं बाई, ही तर पहिल्यापेक्षा टवटवीत झाली! काय केलं तुम्ही?"

"काहीच नाही."

"मले वाटत होतं, तुमच्या तापट हाताखाली काहीच टिकणार नाही. आता अंगणात बाग करू. तुम्हीच सांभाळा!"

इतकी खूश ती घराच्या वास्तुशांतीलाही नव्हती. पुढच्या बुधवारी ती मला घेऊन थेट त्याच बाईकडे गेली. मोगरा, जास्वंद, कण्हेर निवडून झाली. बाईनं भाव सांगितला. माझी कानशिलं तापली! मी तोंड उघडलं, तशी ती बायकोकडे वळून गोड आवाजात म्हणाली, "ताई, मागच्या बुधवारी हे भाऊ..."

"सगळी बांधा!" मी ओरडलो. "सांगाल त्या भावानं!"

परतताना कुंड्यांनी भरलेल्या रिक्षात बायको कौतुकानं म्हणाली, "एका झाडानं माणूस किती सुधरते, नाही?"

एका नाही, दोन लागली. पण हे मी मनातच म्हटलं.