तुरीतून आलेला आवाज

आमची फुलशेती बार्शीटाकळीच्या अलीकडे, अकोल्याच्या रस्त्याला लागून आहे. झेंडू, शेवंती आणि बांधाच्या कडेनं थोडा मोगरा. सकाळी फुलं अकोल्याच्या जुन्या शहरातल्या बाजारात न्यायची, विकायची आणि उन्हं चढायच्या आत परत यायचं, एवढंच माझं जग होतं. अशात गावात सरकारी योजना आली. अपघात झाला, कुणी कोसळलं, की रुग्णवाहिका येईपर्यंत माणूस धरून ठेवायला गावातलंच कुणीतरी रबरी बाहुल्यांवर शिकवून तयार करायचं, आणि त्याचा सगळा खर्च सरकारी निधीतून. ग्रामसभेत हसूच झालं. एक म्हातारा म्हणाला, "गावाले धड रस्ता नाही, अन् सरकार बाहुल्यायचा खेळ शिकवून राहिलं." तरी नावं मागितली तेव्हा मी हात वर केला. माझे वडील बैलगाडीतच गेले होते, दवाखान्याच्या वाटेवर. त्यांच्याजवळ बसलेल्या कुणालाच काय करावं ते सुचलं नव्हतं.

प्रशिक्षण अमरावतीला होतं. एका लांबलचक हॉलमध्ये सतरंज्यांवर रबरी माणसं ओळीनं झोपवलेली. त्यांना पाय नव्हते, डोळे अर्धे उघडे. पहिल्या दिवशी मी दारातच थबकले. शिकवणाऱ्या मॅडम शांतपणे म्हणाल्या, "भीती वाटू द्या. पण हात लावण्याआधी त्यांच्याशी बोला. बेशुद्ध दिसणारा माणूस ऐकत असू शकतो." मग आम्ही सगळ्या जणी त्या रबरी कानांशी वाकून बोलायला लागलो, आणि थोड्या वेळानं त्या हॉलमध्ये कुणी हसेना.

परतताना एक पिशवी मिळाली. तिच्यात तोंडावर मुखवटा धरून श्वास द्यायची रबरी पिशवी, पट्ट्या, हातमोजे. शिवाय प्रत्येकीच्या फोनमध्ये एक सोय घालून दिली. कुणी मदतीच्या नंबरला फोन केला, की तो फोन कुठून आला ते मदत केंद्रातल्या नकाशावर दिसायचं आणि जवळ राहणाऱ्या आमच्यापैकी एकीचा फोन वाजायचा. त्याचा वाजण्याचा सूर वेगळाच होता, लांब आणि कोरडा. बरेच दिवस तो वाजलाच नाही.

दसरा होऊन गेला होता. ऑक्टोबरचं ऊन आमच्याकडे वैशाखासारखं भाजतं. भर दुपारी मी शेवंतीला पाणी देत होते आणि फोन वाजला. केंद्रातली मुलगी बोलत होती. भाषेवरून पुण्याकडची वाटली.

"ताई, एक कॉल चालू आहे. पलीकडून कुणी बोलत नाही, फक्त श्वास ऐकू येतोय. जागा तुमच्यापासून जवळ दाखवतेय. गाडी निघाली आहे, पण तिला वेळ लागेल."

माझा दीर मोटरसायकल घेऊन बांधावरच होता. पिशवी घेऊन मी मागे बसले. केंद्रानं माझ्या फोनवर पाठवलेली नकाशावरची खूण एका तुरीच्या शेतात होती. शेत आमच्या ओळखीचं, पण तिथं रोज राबणारं कुणी नव्हतं. मालकीण तहसील कचेरीत कारकून होती, सुट्टीच्या दिवशी येऊन पाहून जायची. तूर डोक्याच्या वर गेलेली, नुकती फुलावर आलेली. बांधावर उभं राहिलं तर पिवळ्या ठिपक्यांच्या हिरव्या भिंतीपलीकडे काही दिसत नव्हतं. वारा नव्हता. पाखरूसुद्धा बोलत नव्हतं.

"इथं कोणीच नाही," मी फोनवर म्हणाले.

"ताई, कॉल अजून चालू आहे," ती म्हणाली. मग आवाज खाली आणून म्हणाली, "आणि ताई... तुम्ही आता बोललात ते मला दोनदा ऐकू आलं. एकदा तुमच्या फोनमधून आणि एकदा त्यांच्या."

म्हणजे ते माणूस माझा आवाज पोहोचेल इतकं जवळ होतं, आणि मला दिसत नव्हतं.

"मी दोन्ही कॉल जोडते," ती म्हणाली. "तुम्ही बोलत राहा."

मी तुरीकडे तोंड करून ओरडले, "कोठी आहा तुमी?"

क्षणभर काहीच नाही. मग तुरीच्या आतून, माझ्याच आवाजात, जरा बारीक आणि पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखं उत्तर आलं, "कोठी आहा तुमी?"

दीर दोन पावलं मागे सरला. त्याचा चेहरा मातीसारखा झाला होता. "वयनी, आत नको जाऊ. चकवा आहे थो. दुपारच्या वक्ताले आपल्याच आवाजात बोलावते."

आमच्याकडे लहानपणापासून हेच सांगतात. भर दुपारी शेतात कुणी हाक मारली तर ओ द्यायची नाही, वळून पाहायचं नाही. मला कळत होतं की आत फोन आहे, तो मोठ्या आवाजावर ठेवलेला आहे आणि त्यातून माझेच शब्द येताहेत. डोक्याला कळत होतं, पायांना कळत नव्हतं. स्वतःचा आवाज समोरून येणं फार वाईट असतं. वाटतं, आपण आधीच आत जाऊन बसलोय.

"गाडी येईपर्यंत तू रस्त्यावर थांब अन् हात दाखव," मी दिराला म्हणाले आणि आत शिरले.

"मी आली आहे," मी म्हणत होते. "मी आली आहे." तूर अंगाला घासत होती. प्रत्येक वाक्य थोड्या उशिरानं माझ्याकडे परत येत होतं. कधी डावीकडून यायचं, कधी वाटायचं मागून. मी वळले की ते दूर गेल्यासारखं व्हायचं. एकदा मी गप्प उभी राहिले, तर तो आवाजही गप्प. मग नुसता श्वास ऐकू आला. तो माझा की दुसऱ्या कुणाचा, ते ठरवता येईना. केंद्रातली मुलगी मधूनच म्हणायची, "आता मोठा येतोय ताई. आता लहान झाला, मागे या." तिच्या आवाजाचाही तुरीत तसाच प्रतिध्वनी उठायचा. आम्ही दोघी तिथं चौघी झालो होतो.

शेवटी माझा पाय फोनलाच लागला. त्याच्या शेजारी ती कारकून बाई उताणी पडली होती. पापण्या मिटलेल्या, तोंड किंचित उघडं, ओठ निळसर. घोट्याच्या वर सूज होती आणि दोन खुणा. साप. सापाच्या विषानं आधी पापण्या पडतात, मग जीभ जड होते, मग श्वास थकतो, हे शिकवलेलं होतं. तिनं नंबर लावला होता, पण बोलायला जीभच उरली नव्हती.

छाती जेमतेम हलत होती. मी मुखवटा तिच्या तोंडावर घट्ट धरला आणि रबरी पिशवी दाबायला लागले. दाबली की छाती वर यायची, सोडली की खाली. तेवढ्यात शेजारच्या शेतातले दोन मजूर आवाज ऐकून आले. एक वाकून पाहत म्हणाला, "गेली ते. काहून फुकट मेहनत करून राहिल्या, बाई? चेहरा पाहा तिचा."

दुसरा म्हणाला, "पोलीस येतीन. निघा इथून."

चेहरा खरंच मेल्याचा होता. माझेही हात एकदा सैल पडले. मी तिच्या कानाशी वाकले आणि म्हणाले, "काकू, मी आली आहे. यायले काहीही बोलू द्या. तुमी जाऊ नका." बाजूला पडलेल्या फोनमधून माझा आवाज तेच पुन्हा म्हणाला.

गाडी येईपर्यंत मी पिशवी दाबत राहिले. तिला अकोल्याच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. श्वासाच्या यंत्रावर होती, मग विषावरच्या औषधाचा गुण आला, मग डोळे उघडले, असं कानावर येत राहिलं.

दिवाळीनंतर एका सकाळी ती बाजारात माझ्या फुलांच्या पाटीसमोर उभी राहिली. "जयभीम," म्हणाली, आणि माझा हात धरून तशीच थांबली. मग खाली माझ्याजवळ पोत्यावरच बसली.

"मले सगळं ऐकू येत होतं," ती म्हणाली. "तो माणूस गेली म्हणाला, तेही. बोटही हलवता येत नव्हतं. वाटलं, आता हे मले जिवंतच जाळतीन."

मी फुलांची पाटी बाजूला सारली.

"अन् तुमी दोघी होत्या," ती सांगत राहिली. "एक माझ्या उशाशी होती, एक लांबून येऊन राहिली होती. दोघीही म्हणत, मी आली आहे. एक न्यायले आली अन् एक ठेवायले, असं वाटलं मले. कोणासोबत जावं तेच समजत नव्हतं."

मी तिला फोनचं सांगितलं. तिनं मान हलवली, पण पटल्यासारखी दिसली नाही.

पुढच्या उन्हाळ्याच्या तोंडाशी कळलं, योजनेचा निधी संपतोय. आमच्या फोनमधली ती सोय बंद होणार, नवी तुकडीही नाही. अकोल्याला त्यावर बैठक होती आणि मला बोलावलं होतं. मी तिला सोबत नेलं. मोठ्या टेबलाभोवती अधिकारी बसले होते. एकानं विचारलं, "इतक्या खर्चाचा तालुक्याला नेमका उपयोग काय झाला?" मी काही बोलायच्या आत ती उभी राहिली.

"साहेब, मी मेली होती असं म्हणणारे दोघं होते. नाही म्हणणारी ही एकटी होती, कारण हिले कोणीतरी शिकवलं होतं."

मग तिनं डोळे मिटल्यावर काय काय ऐकलं ते सगळं सांगितलं. कुणी चहाचा कप उचलला नाही. तांत्रिक बाजू पाहणारे एक जण म्हणाले की दोन कॉल असे जोडायचे, हे केंद्राच्या शिकवणीत कुठंच नव्हतं. त्या मुलीनं ते स्वतःच्या डोक्यानं केलं होतं. निधी मंजूर झाला. अमरावतीच्या हॉलमध्ये नवी तुकडी बसली, आणि कॉल जोडणं आता केंद्रातल्या सगळ्यांना शिकवतात.

नंतर एकदा ती कारकून बाई म्हणाली, "चाला, ती जागा दाखवा मले."

तूर कधीच कापून नेली होती. शेत उघडं, नुसती धसकटं. कोंबडीही लपणार नाही इतकं सपाट. आम्ही बांधावरून उतरलो आणि शोधायला लागलो. मी म्हणाले इथं, ती म्हणाली तिथं. फोन जिथं पडला होता ती जागा मला हमखास सापडेल असं वाटलं होतं. सापडली नाही. मग ती मध्येच उभी राहिली, डोळे मिटले आणि मान एका बाजूला कलती करून ऐकत राहिली. बोलले आणि माझाच आवाज पुन्हा समोरून आला तर, या भीतीनं मी तोंड उघडलं नाही.

"चाला," डोळे उघडून ती म्हणाली, आणि माझ्याकडे न पाहता रस्त्याच्या दिशेनं चालायला लागली.