चिकटलेला स्टार्टर

मोठ्या आतड्यातल्या गाठी का वाढतात, हे शोधण्यात माझी अकरा वर्षं गेली. पेशीला ‘वाढ’ असा निरोप पोचवणारं एक एन्झाइम असतं. निरोप दिला की त्यानं बंद व्हायचं. बिघडलं की ते चालूच राहतं, नि पेशी वाढत सुटतात. पुण्याच्या प्रयोगशाळेत मी काचेच्या बशीतल्या पेशींची रोज विचारपूस करायची, आणि इकडे गावी, कोऱ्हाळ्यात, माझ्या वडिलांना शौचातून रक्त जात होतं. काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात ते हेच.

दर रविवारी फोनवर मी विचारायची, “आबा, जेवला का?” “व्हय, जेवलो.” संपलं. परसाकडची गोष्ट कुठला बाप लेकीला सांगतो? मूळव्याध समजून त्यांनी वर्षभर सुप्याच्या बाजारातली पुडी ताकातून घेतली. आईलासुद्धा पत्ता लागू दिला नाही. मला राग आला, अजून येतो. पण मी तरी जेवणापलीकडे कधी काय विचारलं होतं?

शेवटी दुखणं उघड झालं, तेव्हा आतड्यात कॅन्सरची गाठ निघाली. ऑपरेशननंतर तिच्या तपासणीचा रिपोर्ट बारामतीत हातात आला. आजार यकृतात पोचला होता. डॉक्टर म्हणाले, “तुम्ही यातल्याच, तुम्हीच घरी समजावून सांगा.” कागदावर माझंच एन्झाइम होतं, बिघडलेलं. म्हणजे ज्या औषधावर आमची आशा होती, ते चालणार नव्हतं. घरी आई आणि चुलते माझ्या तोंडाकडे बघत बसले. इतकं एकटं मला परक्या गावातही कधी वाटलं नव्हतं.

दुपारी आबांजवळ मी एकटीच होते. “नीट सांग,” म्हणाले.

“मोटारीचा स्टार्टर चिकटलाय, आबा. बटण दाबलं तरी बंद होत न्हाय. औषध म्हंजी ते बटण.”

उसाला पाणी देण्यात जन्म गेलेला माणूस, लगेच समजला.  मग म्हणाले, “लाजलो गं मी. तवाच सांगितलं असतं, तर वाचलो असतो का?”

गाठ लहान असताना काढली तर बहुतेक माणसं वाचतात. विद्यार्थ्यांना हे मी शंभरदा सांगितलंय.

“न्हाय आबा,” मी म्हणाले. “तवाबी काय फरक पडला नसता.”

“मग बरं,” म्हणाले, आणि कुशीवर वळून झोपले. किती दिवसांनी त्यांना अशी झोप लागली होती. मी उशाशी बसून राहिले. खरं काय ते आता मला कुणालाच सांगता येणार नव्हतं, आईलासुद्धा नाही.