चौकोनात न बसलेले शेत

नोकरीत मी सर्वांत जास्त ऋणी आहे तो माझ्या पहिल्या पोलीस निरीक्षक साहेबांचा. नाव लिहीत नाही, त्यांना ते आवडणार नाही. आमच्या घरातला मी पहिला पदवीधर. फौजदार म्हणून भिवंडीत हजर झालो तेव्हा कलमे पाठ होती, माणसे कळत नव्हती. ती त्यांनी शिकवली. अंजूरकडचे एक प्रकरण त्यामुळेच अजून मनातून जात नाही.

दोन हजार सालानंतरची ती वर्षे. पूर्णा गावापासून खाडीपर्यंत भातशेतांवर भराव पडत होता. पैसा मुंबईचा आणि त्याहूनही लांबचा. तो लावणाऱ्यांनी गाव पाहिलेले नसायचे. त्यांना सलग, चौकोनी जागा हवी असायची, म्हणजे एकसारखी गोदामे उभी राहतात आणि कंपन्या ती भाड्याने घेतात. मधे कोणाचे शेत आले की दलालाची झोप उडायची.

असे एक शेत एका विधवा आजीचे होते. ती पुतण्याला घेऊन पोलीस ठाण्यात आली.

"साहेब, माज्या शेतात भराव टाकलाय. मी जमीन इकली न्हाय, कुटं आंगठा दिला न्हाय."

पुतण्या हात जोडून म्हणाला, "काकीला माज्याबिगर कोन हाय साहेब? मी तर पावसाल्यापासून तिकडं फिरकलो बी न्हाय. कायतरी करा."

दलालाकडे नोंदणी झालेले खरेदीखत होते. ठाणे अंमलदार म्हणाला, "दिवाणी बाब आहे. कोर्टात पाठवा." मी साहेबांकडे गेलो. ते म्हणाले, "कागद नंतर वाच. आधी जागेवर जाऊन ये."

जागेवर बांध सपाट झाले होते, लोखंडी खांब उभे राहिले होते. पण कोपऱ्यात शेंदूर लावलेला एक दगड दिसला. आमच्या गावीही शेताचा देव असाच असतो, म्हणून थांबलो. जेसीबीपुढे आलेला दगड भरावात जातो. हा मात्र नीट बसवला होता, पुढे नारळ फोडलेला.

तिथला वॉचमन पूर्वी लूमवर, यंत्रमागावर कामाला होता. तो म्हणाला, "इंजीनियर साब तो हँस रहे थे. गाँव का एक आदमी आया, जेसीबी रुकवाई, चप्पल उतारी और खुद उठाके इधर रखा."

परतताना आजीच्या घरी थांबून तिला विचारले, "देवाला शेंदूर कोण लावतं?"

"आमच्या घरचाच मानूस. दुसऱ्याचा हात चालत न्हाय. मालक गेल्यापासून पुतन्याच लावतो."

पुतण्याला चौकशीसाठी बोलावले. साहेबांची पद्धत ठरलेली: बसायला खुर्ची, चहा, आणि आवाज चढवायचा नाही. चहा संपेपर्यंत ते भातपिकाविषयीच बोलले. मग सहज विचारले, "शेताचा देव कुणी हलवला रे?"

"मला काय म्हायती?"

"वॉचमनला बोलावू ओळखायला?"

त्याने रिकामा कप खाली ठेवला आणि मानेनेच नको म्हटले.

"काकीला फसवताना भ्याला नाहीस. देवाला भ्यालास?"

"काकी काय, शिव्या देईल आनि गप बसंल साहेब. तो सगल्या घरावर कोपला असता."

मग सगळी हकीकत बाहेर आली. अंबाडी गावच्या एका बाईला काकी म्हणून निबंधकापुढे उभे केले होते. त्या बदल्यात दलाल त्याला नाक्यावर गाळा देणार होता. खरेदीखतावरचा अंगठा आजीच्या ठशाशी जुळला नाही. तिघांना अटक झाली, पुढे कोर्टात खरेदीखत रद्द झाले.

लबाड माणूसही काहीतरी जपत असतो आणि तपास तिथून धरावा, हे मी या प्रकरणात शिकलो. निकाल लागला तेव्हा साहेबांची बदली झाली होती. पुढच्या वर्षी मी त्यांना पत्र लिहिले:

"आदरणीय साहेब,
सा. न. वि. वि.
गोदाम बांधणाऱ्या कंपनीला आजीच्या शेतातला भराव उचलावा लागला. गोदाम झाले, पण त्याची भिंत तिच्या बांधापाशी आत वळली आहे. ट्रकवाले त्या वळणाला रोज शिव्या देतात. आजीने यंदा तिथे भात पिकवला. परवा तांदूळ घेऊन ठाण्यात आली. घेता येत नाही म्हटले, तर म्हणाली, 'लाच न्हाय रं पोरा, जेवन हाय.' शेवटी मेसमध्ये शिजवला. पहिले पान तिने तुमच्या नावाने वाढले आणि कोणाला हात लावू दिला नाही. सगळे जेवून उठल्यावर मला म्हणाली, 'आता तू बस तुज्या सायबाच्या पानावर.'
मी बसलो, साहेब."