आत्याची पेटी आणि एकच गाणं

आमच्या आवडत्या बँडचं एक गाणं सुरू झालं की माणूस घरी जाऊन, जेवून, परत येऊ शकत असे. माझ्या दोस्ताने, वसंताने, हे एकदा करून पाहिलं होतं. तो परत आला तेव्हा गिटार अजून त्याच जागी घुटमळत होती, आणि मधलं फारसं काही बुडालं नाही असं वसंताचं मत पडलं.

बँडचं नाव 'प्लॅटफॉर्म नाइन'. नागपूर स्टेशनवर तेव्हा एवढे प्लॅटफॉर्म नव्हते, म्हणूनच हे नाव, असं त्यांचा ऑर्गन वाजवणारा रॉबिन सांगायचा. रेल्वे कॉलनीतली चार पोरं. सत्तरच्या दशकात सगळं गाव सिनेमाची गाणी ऐकत होतं, आणि हे चौघे प्रोग्रेसिव्ह रॉक नावाचं काहीतरी वाजवत होते. त्याचा ठेका बोटांवर मोजायला घेतला की कधी बोटं कमी पडायची, कधी उरायची. त्यांचे पक्के चाहते दोघं: मी आणि वसंता. बाकीचे येत, एखादा भाग ऐकत आणि पाणी प्यायला म्हणून जे जात ते जातच.

त्या वर्षी बुद्धपौर्णिमेच्या दुपारी सदर भागातल्या एका शाळेच्या हॉलमध्ये त्यांचा कार्यक्रम ठरला. आणि आदल्याच दिवशी रॉबिनच्या इलेक्ट्रिक ऑर्गनमधून धूर निघाला. तो दुरुस्त होईना, आणि ऑर्गनशिवाय त्यांचं ते मोठं गाणं उभं राहीना. रॉबिन पायरीवर डोकं धरून बसला. वसंता माझ्याकडे वळला.

"पक्या, तुह्या आत्याकडे पेटी आहे ना गा?"

पेटी आत्याकडे होती, पण आत्याची नव्हती. इंदोऱ्यातल्या आमच्या विहाराच्या महिला मंडळाची होती. शांताआत्या म्युनिसिपालटीच्या शाळेत मास्तरीण आणि मंडळाची मुख्य गायिका. मी लहानपणापासून तिच्याकडेच वाढलो, त्यामुळे त्या पेटीला हात लावल्यावर काय होतं ते मला पाठ होतं. शिवाय बुद्धपौर्णिमेच्या संध्याकाळीच मंडळाचा कार्यक्रम. बायांनी अख्खा उन्हाळा तालीम केली होती. पलीकडच्या वस्तीतलं मंडळही यंदा पहिल्यांदाच येणार होतं, आणि त्यांची कमलबाई आत्याला सांगून गेली होती, "तुम्हाले उशीर झाला तर काही नाही वं, आम्ही सुरुवात करून घेऊ." आत्या त्या दिवसापासून नीट जेवत नव्हती.

शेवटी रॉबिन स्वतः आमच्या घरी आला. आत्याने त्याला पन्हं दिलं. मलाही दिलं.

"आंटी, सिर्फ एक गाना है. फिर पेटी वापस."

"एकच?" आत्याने विचारलं.

"एकच," रॉबिन मराठीत म्हणाला.

आत्याच्या लेखी गाणं म्हणजे धृपद आणि दोन कडवी. तिने खात्रीसाठी माझ्याकडे पाहिलं. मी पन्हं पीत होतो, आणि ग्लास बराच मोठा होता.

"देते," आत्या म्हणाली. "पण मी संग येते. पेटी माह्या नजरेसमोर राहिली पाहिजे."

आता एक अडचण उरली. रॉबिनला दोन्ही हातांनी वाजवायची सवय, मग भाता कोणी मारायचा? वसंता आणि मी, दोघंही पुढे झालो. बऱ्याच वादानंतर मान मला मिळाला. आपल्या देवांबरोबर एका स्टेजवर उभं राहायचं, या विचाराने मी त्या रात्री झोपलो नाही. वसंता माझ्याशी सकाळपर्यंत बोलला नाही.

दुपारी हॉलमध्ये नागपूरचा मे महिना भरून राहिला होता. आत्या पांढरंशुभ्र लुगडं नेसून पहिल्या रांगेत बसली, मांडीवर पेटीची खोळ नीट घडी घालून. बाहेर तिने सायकलरिक्षा थांबवून ठेवली होती. टेबलावर पेटी, पुढे रॉबिन, मागे भात्याशी वाकलेला मी. गाणं सुरू झालं.

पहिला भाग संपला तेव्हा ड्रमवर जोरात एक ठोका पडला आणि सगळं शांत झालं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आत्या समाधानाने उठली, खोळ उलगडली, स्टेजकडे निघाली. तेवढ्यात गिटार पुन्हा हलकेच बोलायला लागली.

आत्या वसंताकडे वळली. "हे दुसरं गाणं होय का?"

"नाही आत्याबाई, तेच आहे. दुसरा भाग होऊन राहिला."

"किती भाग राहते याले?"

"ते त्यांच्या मूडवर राहते," वसंता म्हणाला. तो खरं बोलत होता.

आत्या बसली. बसता बसता तिने माझ्याकडे रोखून पाहिलं. पण करणार काय? भाता सोडला तर सूर जाणार, आणि सूर गेला तर रॉबिन माझ्याकडे पाहणार. दोन नजरांच्या मध्ये मी हात चालवत राहिलो.

दुसरा भाग संपला. आत्या उठली. तिसरा सुरू झाला. आत्या बसली. आता तिने खोळ उलगडूनच हातात धरली होती. मग हॉलच्या दारातून रिक्षावाला आत आला.

"बाई, चलना है के नहीं?"

"चलना है. ये लोग छोड़ेंगे तब ना," आत्या म्हणाली.

रिक्षावाल्याने जरा वेळ ऐकलं, आणि गमछ्याने तोंड पुसत शेजारच्या खुर्चीवर बसला. थोड्या वेळाने पाहतो तर त्याची मान डोलत होती. आत्याचा शेवटचा आधारही गेला.

उन्हं कलायला लागली. माझा उजवा हात माझा राहिला नव्हता. विहारात सतरंज्या अंथरून झाल्या असतील, कमलबाई माइकजवळ बसली असेल, हे आत्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट वाचता येत होतं. आणि नेमकी लाइट गेली.

गिटार मेली. माइक मेले. ड्रमवाला काड्या ठेवून पाणी प्यायला गेला. पण पेटीला विजेची गरज नव्हती. रॉबिनचे डोळे मिटलेले, त्याला काहीच कळलं नाही, आणि रॉबिन थांबला नाही म्हणून मीही थांबलो नाही. अंधारलेल्या हॉलमध्ये एकटी पेटी वाजत राहिली. लोक श्वास रोखून ऐकायला लागले.

आत्या थेट स्टेजवर आली. "बेटा, हो गया अब." रॉबिनने डोळे न उघडता मान हलवली आणि तो आणखी वरच्या पट्टीत गेला.

"पक्या, उचल पेटी."

"आत्या, मी भाता सोडला तर आवाज बंद होईल."

"तर होऊ दे."

"लोक ऐकून राहिले ना वं."

"तिकडेही लोक बसून राहिले," आत्या म्हणाली, आणि तिने पेटीची एक कडी धरली. दुसरी धरायला वसंता धावला. (तो माझा दोस्त होता, पण आत्याला भीत होता.) पेटी टेबलावरून उठली. रॉबिनची बोटं पट्ट्यांना चिकटलेली, तो पेटीबरोबर तिरका चालायला लागला. मी मागून भाता मारत चाललो. लोकांना वाटलं, हा कार्यक्रमाचाच भाग आहे. ते उठले आणि टाळ्या देत आमच्या मागे निघाले. सगळ्यात पुढे रिक्षावाला, वाट करून देत.

दारात पोचलो आणि लाइट आली.

आत गिटार एकदम गरजली. ड्रमवाला पाण्याचा पेला टाकून धावला. रॉबिनने डोळे उघडले, स्वतःला उंबरठ्यावर उन्हात पाहिलं आणि मागे वळला. आत्या पुढे ओढत होती, रॉबिन आत ओढत होता, मधे मंडळाची पेटी आणि पेटीत अडकलेला मी. मागचे लोक अर्धे आत, अर्धे बाहेर, कुणालाच कुठे बघायचं ते कळेना.

"आंटी, लास्ट पार्ट बाकी है," रॉबिन अगदी रडवेला झाला होता.

"लास्ट पार्ट रिक्षात कर," आत्या म्हणाली.

तिने पेटी रिक्षात घातली, पेटीमागे रॉबिनला घातलं आणि स्वतः बसली. मला जागा नव्हती. रिक्षा सुटली. मी आणि वसंता त्या उन्हात मागे पळत निघालो.

धापा टाकत विहारात पोचलो तेव्हा कमलबाई माइकसमोर उभी राहून घसा साफ करत होती. आत्या तिच्या शेजारून शांतपणे पुढे गेली, बसली आणि तिने रॉबिनला बोटाने स्वर दाखवला. तो घाबरून वाजवायला लागला, आणि मी धावत जाऊन पुन्हा भात्याला लागलो. धृपद झालं, दोन कडवी झाली, गाणं संपलं. टाळ्या पडल्या तरी रॉबिनची बोटं पुढच्या भागासाठी तयारच.

"हो गया?" त्याने मला हळूच विचारलं. एवढं हादरलेलं मी त्याला ऑर्गनमधून धूर निघाला तेव्हाही पाहिलं नव्हतं. त्यानंतर बरीच वर्षं तो दर बुद्धपौर्णिमेला मंडळाची पेटी वाजवायला यायचा. आत्याने त्याला थांबायला शिकवलं, असं वसंता म्हणतो. बँडच्या बाबतीत मात्र तिला यश आलं नाही.

आता 'प्लॅटफॉर्म नाइन'चे आम्ही उरलेले चाहते कुणाच्या तरी गच्चीवर जमतो. ती दुपार बँडची सर्वश्रेष्ठ मैफल होती, यावर सगळ्यांचं एकमत आहे. अंधारातला तो पेटीचा तुकडा असा पुन्हा कधी लागला नाही म्हणतात. जे त्या दिवशी हॉलमध्ये नव्हते तेही म्हणतात. मग कुणीतरी तरुण चाहता माझ्याकडे वळतो आणि हात जोडून विचारतो, "काका, तुम्ही तर स्टेजवर होता. ते सूर इतक्या जवळून ऐकताना काय वाटत होतं?"

मी डोळे मिटतो, मान हलवतो आणि म्हणतो, "ते सांगता येत नाही." ते खरंच सांगता येत नाही. माझा कान भात्याला टेकलेला होता, आणि त्या अख्ख्या मैफलीत पेटीचं मला खरखरीशिवाय काहीही ऐकू आलं नव्हतं.