मामांच्या खिशातला फ्यूज

भूकंपाचा धक्का बसल्यावर सारं जग घराबाहेर पळत असताना घरामागच्या शेडमध्ये धावत शिरणारा माणूस अख्ख्या महाराष्ट्रात एकच होऊन गेला असेल, आणि ते माझे सासरे होते. आमच्याकडच्या रिवाजाप्रमाणे मी त्यांना मामा म्हणत असे. कोयनानगरला धरणाच्या वसाहतीत त्यांनी वायरमन म्हणून सारी नोकरी केली आणि जवळच स्वतःचं घर बांधलं. तिकडं लहानसहान धक्के अधूनमधून येतच असतात. लग्नानंतर मी मुक्कामाला जाऊ लागलो आणि एका दुपारी पहिल्यांदाच माझ्यासमोर मांडणीवरची भांडी वाजली. मी आटपाडीकडचा, जिथं पाण्याअभावी सगळं हललं तरी जमीन कधी हलत नाही तिथला. अनवाणीच अंगणात आलो. सासूबाई चहाचं पातेलं हातात घेऊनच शांतपणे बाहेर आल्या होत्या. मामा मात्र दिसेनात. "मामी, मामा आत अडकले!" मी ओरडलो. "अडकलं न्हाईत, पावणं," त्या म्हणाल्या, "काटकोन बघाय गेल्यात." मी शेडच्या दाराशी गेलो. मामा एक डोळा मिटून काटकोन मापायचा लोखंडी गुण्या एका यंत्राच्या पात्याला लावून बघत होते. "केसभर बी न्हाई हललं," ते मला म्हणाले, जणू धरणाची भिंत शाबूत असल्याची बातमी देत होते.

ते यंत्र म्हणजे मस्कतवाली. मस्कतहून आली म्हणून हे नाव. लाकूड कापायचं गोल पात्याचं यंत्र. दोन दांड्यांवर मागंपुढं सरकणारं, डावीउजवीकडं वळणारं आणि हवं तर एका अंगावर कलणारंही. नव्वदच्या सुरुवातीच्या त्या वर्षांत आमच्या भागात असलं यंत्र कुणी पाहिलेलं नव्हतं. ते आणलं मामांच्या धाकट्या भावानं, तात्यांनी. तात्या मस्कतला मदतनीस म्हणून गेले आणि तिथं उत्तम सुतार झाले. पण एके दिवशी कापून झाल्यावर, खटका सोडल्यावर, पातं अजून फिरत असताना त्यांनी बाजूला पडलेला तुकडा उचलायला डावा हात घातला. दोन बोटं गेली. घरी पाठवताना तिथल्या मालकानं जुनं यंत्र खोक्यात घालून बरोबर दिलं. "बोटं ठिवून घेतली आन् मशीन दिलं," तात्या हसत हसत सांगायचे, पण खोकं त्यांनी उघडलं नाही. ते शेडमध्ये धूळ खात पडलं आणि तात्या ओसरीवर.

खोकं उघडलं ते मामांनी. लाकडातलं त्यांना काडीचंही कळत नव्हतं. तोवर त्यांनी आयुष्यात कापलं होतं ते केबल आणि इन्शुलेशन टेपच. तरी त्यांनी यंत्राबरोबर आलेलं इंग्रजी माहितीपुस्तक पुढं केलं आणि म्हणाले, "तुमी बी. ए. हाय नव्हं? वाचा." आमच्या अख्ख्या भावकीत मी पहिला पदवीधर, माझ्या बी. ए.चा एवढ्या श्रद्धेनं उपयोग करून घेणारं दुसरं कुणी मला तोवर भेटलेलं नव्हतं. मी एकेक वाक्य मराठीत सांगायचो आणि ते प्रत्येक वाक्य कायद्याच्या कलमासारखं पाळायचे. पुस्तकात लिहिलं होतं की यंत्र भक्कम मेजावर बोल्टांनी घट्ट बसवावं. मामांनी जमिनीत खांब गाडून, सिमेंट ओतून असं मेज बांधलं की घर पडलं असतं पण मेज उभं राहिलं असतं. लांब लाकडाला दोन्ही बाजूंनी आधार हवा, म्हणून पाण्याची नळी लावून दोन्हीकडचे स्टँड मेजाच्या पातळीत आणले. मग काटकोन. एक फळी कापायची, दोन तुकड्यांतला एक उलटा करायचा आणि कापलेल्या कडा पुन्हा भिडवायच्या. पातं काटकोनात असेल तर कडा चिकटून बसतात. तिरकं असेल तर फट दिसते, आणि तीही खऱ्या चुकीच्या दुप्पट. हा प्रकार मामांना फार आवडला. "ह्ये असं पायजे," ते म्हणायचे, "चूक दुप्पट दिसली म्हंजे मानसाला लाज वाटती." दोन्ही तुकडे दाराकडं धरून ते फटीतून उजेड येतोय का बघत आणि आला की पुन्हा पान्हा हातात घेत. त्या पावसाळ्यात त्यांनी कामाची म्हणून एकही वस्तू केली नाही, पण शेजारपाजारचे सगळे बंब मामांच्या तुकड्यांवर तापत होते. ओसरीवरून तात्या ओरडत, "दादा, लाकूड कापायचं हाय का त्याचं लगीन जुळवायचंय?"

मामांनी यंत्राभोवती जमिनीवर पिवळी रेषा ओढली होती. रेषेच्या आत जायचं तर बाह्या दुमडलेल्या, घड्याळ काढलेलं, मफलर खुंटीला आणि डोळ्यांवर मामांनी कराडच्या बाजारातून आणलेला चष्मा. सासूबाईंना बांगड्या असल्यामुळं आत कायमची बंदी. जेवायला बोलवायचं तर रेषेवर उभं राहून. त्या मुद्दाम एक पाऊल आत टाकत आणि मामा "आगं, आगं!" करत धावत. "ह्ये कधी माझ्यामागं इतकं धावलं न्हाईत," त्या आम्हाला सांगत. मलाही त्यांनी धडे दिले. लाकूड मागच्या पट्टीला टेकवून शिकंज्यात आवळायचं. हात वीतभर लांब. हातावर हात आडवा टाकायचा नाही. पातं आधी आपल्याकडं ओढून घ्यायचं, चालू करायचं, पूर्ण वेग घेऊ द्यायचा, मग खाली दाबून पुढं ढकलायचं. "वडत वडत कापू नगा, पावणं. वडलं तर त्ये लाकडावर चढून थेट तुमच्याकडं येतंय." आणि सगळ्यात मोठा धडा शेवटचा. खटका सोडला की हलायचं नाही. पातं थांबेपर्यंत ना ते उचलायचं, ना तुकड्याला हात लावायचा. "आवाज थांबला म्हंजे पातं थांबलं असं न्हाई," ते म्हणायचे, आणि मग आम्ही सगळे रेषेबाहेर आरतीला उभं राहिल्यासारखे गप्प उभे राहायचो. हा नियम पुढं त्यांच्या सगळ्या आयुष्यात पसरला. पंखा बंद केल्यावर तो पुरता थांबेपर्यंत ते खोलीतून बाहेर पडत नसत. एसटी स्टँडात लागली तरी गाडीचा शेवटचा हेलकावा संपेपर्यंत जागेवरून उठत नसत. एकदा त्यापायी त्यांना कराडऐवजी उंब्रजला उतरावं लागलं.

पण मामा कशासाठी ओळखले जात असतील तर फ्यूजसाठी. खांबावर काम करणारा वायरमन फ्यूज काढून स्वतःच्या खिशात ठेवतो, म्हणजे खाली कुणी चुकून वीज चालू करू शकत नाही. मामांनी हीच रीत मस्कतवालीला लावली. काम संपलं की तिचा चिनी मातीचा पांढरा फ्यूज त्यांच्या सदऱ्याच्या खिशात. देवळात, बाजारात, दवाखान्यात, फ्यूज बरोबर. घरातल्या एका लग्नाच्या फोटोतही त्यांचा खिसा फुगलेला दिसतो. फोटोग्राफर म्हणाला होता, "मामा, खिशातलं जरा काढून ठेवा की." मामा म्हणाले, "ठिवतो. पर तुमी त्याच्याजवळ बसणार का?" एकदा ते साताऱ्याला भावकीतल्या साखरपुड्याला गेले आणि घाईत मस्कतवालीऐवजी घराचाच फ्यूज घेऊन गेले. दिवेलागणीला परत येतात तो घर काळोखात आणि शेडमधला दिवा लखलखीत. सासूबाई दारातच उभ्या. "यंत्राला उजेड आन् मला अंधार व्हय? आवं, हिच्यासंगंच नांदा आता!" खंडेनवमीलाही तोच घोळ. सगळीकडं हत्यारांना हार घालतात, पण पात्याजवळ हार लोंबता ठेवणं म्हणजे मामांच्या दृष्टीनं महापाप. म्हणून पाटावर फ्यूज ठेवून त्याला हळदकुंकू, झेंडू आणि नारळ. सासूबाई हात जोडत, "बाबा फ्यूजराया, ह्यांना शानं कर." सगळे हसायचे. तात्या मात्र त्या दिवशी सकाळीच बकरी घेऊन डोंगराकडं निघून गेलेले असत.

एकदा मी मामांना विचारलंच, की लाकूडकाम करायचंच नाही तर हा एवढा खटाटोप कशाला. ते गुण्या पुसत होते. "पावणं, ह्ये मी माझ्यासाठी करतोय व्हय? मी तारा जोडणारा मानूस. पर त्यो तिथं ओसरीवर बसून जनम काढणार का? इतकी कला हाय त्याच्या हातात. एक दिस त्यो हितं हुबा ऱ्हाईल. तवा त्याला भ्या वाटाय नको. हितं काय बी हलाय नको." आणि मग आवाज खाली आणून, "त्याला सांगू नगा." पण तात्यांना सांगायची गरज नव्हती. त्यांना सगळं दिसत होतं, म्हणूनच ते शेडकडं पाठ करून बसायचे.

पुढं मला कराडच्या शाळेत नोकरी लागली आणि गावाकडं घर बांधायचं ठरलं. आमचं घराणं मेंढरांमागं फिरणारं. आमच्या घराला तोवर चौकट अशी नव्हतीच, दाराच्या जागी काटक्यांचं झापड होतं. दारातलं जुनं कडुलिंबाचं झाड वाळलं होतं, ते चिरून आणून माझे वडील, म्हणजे आमचे आबा, टेम्पोत बसून थेट कोयनानगरला आले. खांद्यावर घोंगडं, डोक्याला मुंडासं. मामांनी व्याह्यांना नमस्कार केला आणि लगेच सांगितलं, "आवं व्याहीबुवा, घोंगडं तेवढं भायेर." आबा म्हणाले, "ह्ये घोंगडं मी लग्नात बी काढलं न्हवतं." पण काढलं. मामांनी चष्मा घातला, लाकूड आवळलं, फ्यूज बसवला आणि आबा म्हणाले, "थांबा. ह्यातला कारागीर कोन?"

सासूबाईंनी हळूच ओसरीकडं बघितलं. आबा सरळ तिकडं गेले. "पावणं, चौकट तुमी कापा. लेकाचं पयलं दार हाय आमच्या वंशात. मला वायरमनची चौकट नगं."

तात्यांनी डावा हात वर करून दाखवला. "ह्यो बघा. ह्या हातावर भरोसा ठिवता?"

आबांनी तो हात धरून नीट पाहिला. मग म्हणाले, "माझ्या कळपात एक कुत्रं हाय. लांडग्यानं त्याचा कान तोडला. म्हणून मी त्याला काढलं न्हाई. दुसऱ्या कुत्र्यांनी लांडगा नुसता ऐकलाय. ह्यानं बघितलाय. मेंढरं मी त्याच्यावरच सोडतो."

व्याह्यांनी सख्ख्या भावाला कुत्र्याची उपमा दिलेली ऐकून मामांचा चेहरा पडला. मी तर माझा संसार तिथंच संपला असं धरून चाललो. तात्यांना मात्र हसू फुटलं. डोळ्यांत पाणी येईपर्यंत ते हसत राहिले. "दादा," ते म्हणाले, "कुत्रं तर कुत्रं. पर ह्या मानसाला नाराज करून चालायचं न्हाई." आणि ते उठले.

रेषेवर येऊन त्यांनी घड्याळ काढलं, बाह्या दुमडल्या. मामांनी यंत्राचा फ्यूज परत काढला आणि तात्यांच्या तळहातावर ठेवला. इतक्या वर्षांत तो त्यांनी दुसऱ्या कुणाच्या हातात दिलेला मी पाहिला नव्हता. मग ते स्वतः रेषेबाहेर येऊन आमच्यात उभे राहिले. तात्यांनी आधी यंत्राला नुसती नजर लावली, मग गुण्या. फ्यूज बसवला. डावा हात त्यांनी पाठीमागं नेला आणि उजव्यानं यंत्राचं डोकं अंगाकडं ओढलं. पातं गरजलं, वेगात आलं, खाली गेलं आणि लिंबाच्या लाकडातून पुढं सरकत गेलं. कडू भुशाचा वास सुटला. खटका सुटला. आवाज बारीक होत होत संपला, पण पात्यावर अजून चमक फिरत होती. कापलेला तुकडा बाजूला पडला होता, हात घालावा इतका जवळ. तात्या हलले नाहीत. शेजारी मामांचे ओठ काहीतरी पुटपुटत होते आणि त्यांनी माझं मनगट असं आवळलं होतं की मला दुखत होतं.

"दादा, थांबलं?" तात्यांनी मागं न बघता विचारलं.

"थांबलं," मामा म्हणाले. आणि ते बाहेर जाऊन बंबापाशी उगाचच लाकडं सारखी करत बसले.

ती चौकट एसटीच्या टपावरून आमच्या गावी गेली. आजही तिच्या सांध्यातून उजेड येत नाही. तात्यांनी त्यानंतर त्या शेडमध्ये अर्ध्या पंचक्रोशीच्या खिडक्या-दारं केली. मामा रोज रेषेबाहेर स्टूल टाकून बसायचे आणि सूचना द्यायचे. तात्या एकही ऐकायचे नाहीत, पण मामा एखाद्या दिवशी उशिरा आले तर काम सुरूही करायचे नाहीत. खिसा रिकामा झाल्यावर मामांना चैन पडेना, म्हणून ते त्यात सुपारीची डबी ठेवू लागले.

मामा गेले त्याला आता बरीच वर्षं झाली. त्यांच्या माघारी मी एकदा कोयनानगरला गेलो होतो, तेव्हा पुन्हा मांडणीवरची भांडी वाजली. सगळे अंगणात आले. माझे पाय मात्र मला न विचारता शेडकडं वळले. तिथं म्हातारे तात्या आधीच पोचले होते. खिशात फ्यूज होता आणि एक डोळा मिटून त्यांनी पात्याला गुण्या लावला होता. मी पिवळ्या रेषेशी थांबलो. "सरकलंय का, तात्या?"

त्यांनी गुण्या खाली ठेवला आणि मेजावर हात टेकला. "न्हाई रं गड्या," ते म्हणाले. "दादानं लय घट्ट बसवलंय."